आजोळची रवी

नॉटिंगहॅमच्या आमच्या घरात खोटं बोलायला सक्त मनाई होती, म्हणजे मला होती. बाबा हॉस्पिटलातून फोन करून "निघालोच" म्हणत आणि पुढे दीड तास निघत नसत, ते खोट्यात मोडत नसे. आई भारतात पत्रं लिहायची, "इथे सगळं छान आहे, थंडी अशी काही फारशी नाही," आणि ते वाक्य लिहिताना तिच्या अंगात दोन स्वेटर आणि पायात बाबांचे लोकरीचे मोजे असायचे, तेही नाही. मी मात्र गणित झालं म्हटलं आणि झालेलं नसलं, की पूर्ण संध्याकाळभर सत्य या विषयावर ऐकावं लागे. त्या घरात मी सहाव्या वर्षी आले आणि अठराव्या वर्षी बाहेर पडले. मधलं पंधरावं वर्ष मला सांगायचंय, कारण त्या वर्षी आम्ही सगळे मिळून एका लाकडी वस्तूबद्दल इतकं खोटं बोललो, की खरं सांगायची वेळ आली तेव्हा ते कुणी ऐकूनच घेतलं नाही.

घर लाल विटांचं, एका बाजूने शेजाऱ्यांना चिकटलेलं. स्वयंपाकघर मागच्या अंगाला होतं आणि त्याच्या खिडकीवर बाराही महिने वाफ धरलेली असायची, त्यामुळे बाहेर ऊन आहे की पाऊस ते पुढच्या खोलीत जाऊन बघावं लागे. प्रेशर कुकरची तिसरी शिट्टी झाली की शेजारचे म्हातारे मिस्टर हॉब्सन भिंतीवर ठोकत. ती तक्रार आहे असं समजून आई तीन वर्षं कुकर टॉवेलात गुंडाळून लावत होती. मग त्यांच्या बायकोने सांगितलं, की शिट्टी झाली की त्यांना चहाची आठवण होते आणि ते तिला हाक मारायला ठोकतात. सकाळी दारात सोनेरी झाकणाच्या दुधाच्या बाटल्या यायच्या. त्यांच्यावर बोटभर साय असे. ती साय हेच आईचं इंग्लंडवरचं एकमेव खरं प्रेम. सायीला विरजण लावायचं, चौथ्या दिवशी लोणी काढायचं, ताक मिरची-आलं लावून सगळ्यांना पाजायचं. पण येताना तिने पुरणयंत्र आणलं, खलबत्ता आणला, किसण्या तर तीन आणल्या, आणि रवी विसरली. ती विजेच्या मिक्सरने ताक घुसळायची आणि दर वेळी म्हणायची, "मोटारसायकलवर बसून लोणी काढल्यासारखं वाटतं."

एस्पेरान्सा आमच्याकडे लॉजर म्हणून आली ती अशा घरात. बाबांच्या कुणी ओळखीच्याने युनिव्हर्सिटीतून विचारलं, मेक्सिकोची मुलगी आहे, पीएचडी करते, खोली हवी आहे. आमची वरची छोटीशी बॉक्सरूम रिकामी होती. पंचवीस-सव्विशीची, बुटकी, काळ्याभोर केसांची मुलगी. पहिल्याच दिवशी तिने आईच्या हातची मिरची डोळ्यात पाणी न आणता खाल्ली आणि आईने तिला मनातल्या मनात पास केलं. अभ्यास कसला, असं विचारल्यावर ती म्हणाली, "मातीचा." आई मला मराठीत म्हणाली, "मातीसाठी एवढ्या लांब? तिकडे नाही का माती?" मी भाषांतर केलं नाही. एस्पेरान्सा सभ्यपणे हसली.

तिच्या सामानात पुस्तकांखेरीज एकच लक्षात राहण्यासारखी वस्तू होती. हातभर लांबीचा लाकडी दांडा, खाली कोरलेलं गोल बोंड, त्यावर खाचा, आणि दांड्यावर सैल फिरणाऱ्या तीन लाकडी कड्या. अख्खं एका लाकडातून कोरलेलं. त्या कड्या आत कशा घातल्या असतील हे बाबा हाडांचे डॉक्टर असूनही त्यांना सांगता आलं नाही. एस्पेरान्साने दूध तापवलं, त्यात दालचिनीच्या वासाची चॉकलेटची जाड वडी विरघळवली, आणि दांडा दोन तळव्यांत धरून भराभर फिरवायला लागली. कड्या खुळखुळायला लागल्या, पातेल्यात बोट बोट फेस चढला. आई गॅसपाशी उभी होती. ती म्हणाली, "अगं, ही तर रवी!"

"मोलिनियो," एस्पेरान्सा म्हणाली. "माझ्या आईने दिला, निघताना. म्हणाली, तिकडे थंडी असते, रोज चॉकलेट करून पी."

आई विरघळली. चॉकलेट तिला आवडलं नाही ("साखर घातलेला काढा" असा तिचा अभिप्राय होता), पण जिची आई निघताना रवी देते ती मुलगी चांगल्या घरातलीच असणार, असं तिने बाबांना सांगितलं. मोलिनियोचं तिच्या तोंडात दोन दिवसांत "मालिनी" झालं. माझ्या एका आत्याचं नाव मालिनी होतं. तीही अशीच गोल गोल फिरून आवाज करते, असं आई बाबांना ऐकू जाईल इतपत हळू म्हणाली. आठवड्याभरात एस्पेरान्साच्या परवानगीने मालिनी ताकात उतरली आणि मिक्सर कपाटात गेला. रविवारी सकाळी आधी ताकाचा खुळखुळाट आणि मग, ती धुऊन पुसून, चॉकलेटचा.

हे लिहीत असताना माझी लेक मागे उभी राहून वाचत होती. लीड्समध्ये जन्मली, मराठी बोलते, पण लिंगाच्या बाबतीत तिचा आणि भाषेचा करार कधी झाला नाही. तिने विचारलं, "आई, तो रवी आता कुठे असतो?" मला क्षणभर वाटलं ती कुठल्या तरी काकांची चौकशी करतेय.

तर एस्पेरान्सा आल्याच्या पुढच्या वर्षीचं, चैत्रातलं हळदीकुंकू. आमच्या भागात मराठी घरं आठ. सगळे डॉक्टर, सगळ्यांच्या बायका कुठल्या ना कुठल्या विषयात बी.ए. या बायकांच्या अघोषित अध्यक्षा देवधरकाकू. त्यांच्या घरातली प्रत्येक वस्तू पणजीची होती. समई पणजीची, अडकित्ता पणजीचा. आईच्या घरात पणजीचं काहीच नव्हतं, आणि ते तिला नऊ वर्षं टोचत होतं. त्या दिवशी आंब्याच्या डाळीत कैरीऐवजी कुकिंग अ‍ॅपल किसून घातलेलं होतं, पन्हंही त्याचंच, आणि कुणी ते बोलून दाखवायचं नाही असा रिवाज होता. एस्पेरान्सा आईची हिरवी साडी नेसून, कपाळाला हळदीकुंकू लावून, सोफ्याच्या टोकाला बसली होती. आईने सगळ्यांसमोर मठ्ठा घुसळला. फेस वर आला तशा बायका "अगंबाई" करत पुढे सरकल्या.

देवधरकाकूंनी रवी हातात घेऊन उलटसुलट केली. "उषाताई, केवढी सुरेख आहे हो! या कड्या तर मी कुठे बघितल्या नाहीत. कुठली?"

आईने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मठ्ठ्याकडे. "आजोळची," ती म्हणाली. "माझ्या आजीची. तिच्याही आईची असावी."

आईचं आजोळ मला ऐकून माहीत होतं. आईच्या आजीला मी पाहिलं नव्हतं, पण तिच्या घरी ताक गवळ्याकडून येत असे, हे आईनेच मला सांगितलं होतं. मी एस्पेरान्साकडे बघितलं. ती मठ्ठा पीत होती, तिच्या ओठावर फेसाची मिशी होती, आणि ती सगळ्यांकडे बघून हसत होती. तिला मराठी कळत नाही या एका गोष्टीवर आमच्या घराची अब्रू टिकून होती.

एवढ्यावर भागलं असतं. पण देवधरकाकू लायब्ररीच्या कुठल्याशा कमिटीवर होत्या, आणि लायब्ररीत मे महिन्यात "शेजाऱ्यांची स्वयंपाकघरं" असं प्रदर्शन भरणार होतं. पोलिश घरातून लाटणं आलं होतं, जमैकन घरातून बिडाचं भांडं, आणि आपल्या लोकांकडून काहीच नव्हतं. "उषाताईंची रवी!" काकूंनी फोनवर परस्पर जाहीर करून टाकलं. आई नाही म्हणू शकत होती, पण त्यासाठी कारण सांगावं लागलं असतं. तिने एस्पेरान्साला मोडक्या इंग्रजीत विचारलं, "लायब्ररी वॉन्ट टू शो मालिनी. थ्री वीक्स. ओके?" एस्पेरान्सा आनंदाने हो म्हणाली. वाक्यात खोटं काही नव्हतं. आई या बाबतीत फार हुशार.

लेबल लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात इंग्रजी माझं चांगलं. मी जे लिहिलं त्याची मला आजही लाज वाटते, आणि तितकाच थोडा अभिमानही. "दही घुसळण्याची हातरवी, महाराष्ट्र. एकाच घरात चार पिढ्या, आईकडून मुलीकडे." हे शेवटचे शब्द, इंग्रजीत तीनच, मला बाथरूममध्ये दात घासताना सुचले होते आणि सुचल्यावर मी आरशात स्वतःकडे बघितलं होतं. ती माझी पहिली प्रकाशित साहित्यकृती. पुढे मी तीस वर्षं हॉस्पिटलात एक्स-रे काढले आणि त्यांचे रिपोर्ट टाइप केले, पण तीन शब्दांत इतका परिणाम पुन्हा कधी साधला नाही.

कारण परिणाम झाला. लायब्ररीच्या मिसेस व्हिटलॉक, उंच, करड्या केसांच्या, चष्मा साखळीला अडकवलेल्या बाई, लेबल वाचून भारावल्या. त्यांनी कुणा तज्ज्ञांना बोलावलं. तज्ज्ञांनी काचेतून वाकून बघितलं आणि सैल कड्या हे पश्चिम भारतातल्या लाकूडकामाचं खास लक्षण आहे असं सांगितलं. प्रदर्शनाची मुदत वाढली, तीन आठवड्यांचे चार महिने झाले. आई मिक्सरवर परत गेली. एस्पेरान्सा काट्याने चॉकलेट ढवळायची. फेस येत नसे, तरी ती ते तसंच प्यायची.

जूनमध्ये तिच्या बहिणीची तार आली. त्यांची आई गेली होती. तार पोचेपर्यंत सगळं उरकलंही होतं. एस्पेरान्सा दोन दिवस बॉक्सरूममधून बाहेर आली नाही. आई दाराबाहेर वरणभाताचं ताट ठेवायची आणि अर्ध्या तासाने तसंच परत आणायची. तिसऱ्या दिवशी ती खाली आली, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "काकू, आमच्याकडे नऊ दिवस प्रार्थना करतात. नवव्या दिवशी, म्हणजे परवा, सगळ्यांना चॉकलेट देतात. मला त्या दिवशी मोलिनियो मिळेल?"

"मिळेल," आई म्हणाली. "का नाही मिळणार?"

त्या रात्री आईबाबांच्या खोलीतून बोलणं ऐकू आलं नाही, आणि हे फार विचित्र होतं, कारण त्या खोलीतून नेहमी येत असे. सकाळी आईने मला सांगितलं, "शुभा, शाळेतून आल्यावर कपडे बदलू नकोस. लायब्ररीत जायचंय. मी खरं सांगणार आहे. मी अडले की तू इंग्रजीत सांग." तिने चांगली, निळ्या काठाची साडी नेसली होती. बसमध्ये ती ओठ हलवत वाक्यं पाठ करत होती. माझ्या आईने आयुष्यात कुणाची माफी मागितल्याचं मी पाहिलं नव्हतं. बाबांच्या मते तिने लग्नाच्या होमात ते कलम गाळून घेतलं होतं.

मिसेस व्हिटलॉक आम्हाला बघून उभ्याच राहिल्या. आईने पर्स छातीशी धरली आणि सगळं एका दमात म्हणून टाकलं. "दिस इज नॉट माय ग्रँडमदर्स. दिस इज मेक्सिको. माय लॉजर्स मदर. आय टोल्ड लाय. आय अ‍ॅम सॉरी."

मला तेव्हा आईचा इतका अभिमान वाटला, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मिसेस व्हिटलॉकच्याही आलं. त्यांनी काउंटरवरून वाकून आईचा हात हातात घेतला.

"मिसेस दामले," त्या अगदी हळुवारपणे म्हणाल्या, "तुम्हाला तुमच्या परंपरेची लाज वाटायचं काही कारण नाही. कुणी काही बोललं का तुम्हाला?"

"नो, नो," आई म्हणाली. "इट इज फॉर चॉकलेट."

"ती खरंच मेक्सिकोची आहे," मी मध्ये पडले. "लेबल मी लिहिलं. ते खोटं आहे."

"बाळ, आम्ही ते तपासून घेतलंय." त्यांनी फाइल काढली, पान उलटलं आणि त्यावर बोट ठेवलं. "पश्चिम भारत. कड्यांवरून ओळखता येतं. तुझ्या वयाला असंच वाटतं, आपल्या घरच्या वस्तू नकोशा होतात. मी पण माझ्या आजीचा अ‍ॅप्रन टाकून दिला होता." आणि त्यांनी आईचा हात पुन्हा थोपटला. वस्तू सप्टेंबरपर्यंत प्रदर्शनात राहील असं कागदावर लिहिलेलं होतं. ती लवकर काढायची तर तसंच काही सबळ कारण हवं होतं. खरं बोलणं हे त्या कारणांत नव्हतं.

पाच मिनिटांपूर्वी मोठ्या कष्टाने प्रामाणिक झालेल्या बाईचा चेहरा कसा दिसतो ते मी जवळून बघत होते. मग तिने पर्स खाली ठेवली, पदर खांद्यावर घेतला आणि मला मराठीत, देवघरासमोर बोलावं तशा आवाजात, सांगितलं, "हिला सांग, उद्या आमचा सण आहे. रवीची पूजा असते. घरातली रवी घरात नसेल तर फार अशुभ."

"आई, असा कुठला सण?"

"तुला सांगायला सांगितलंय ना?"

मी सांगितलं. आणि थोडं माझ्याकडचंही घातलं, की पूजा घरातल्या थोरल्या मुलीच्या हातून होते. मिसेस व्हिटलॉकचा चेहरा एकदम गंभीर झाला. त्यांनी किल्ली आणली, काच उघडली, मोलिनियो पांढऱ्या कापडात गुंडाळला आणि दोन्ही हातांनी आईच्या हातात दिला. "आधी का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या. काचेच्या आत रिकाम्या जागेवर त्यांनी एक कार्ड ठेवलं: "धार्मिक कारणासाठी काढून घेण्यात आली आहे." देवधरकाकूंनी नंतर सांगितलं, की सप्टेंबरपर्यंत लोक त्या रिकाम्या जागेसमोर जास्त वेळ उभे राहायचे.

बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत होती. उतरायच्या आधी म्हणाली, "थोरली मुलगी छान घातलंस." त्या घरात माझ्या खोटं बोलण्याचं झालेलं हे एकमेव कौतुक.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा खरोखरच लवकर निघाले आणि लवकर पोचले. आम्ही चौघं स्वयंपाकघरात जमलो. एस्पेरान्साने टेबलावर तिच्या आईचा फोटो ठेवला होता, जाड भुवयांची, कॅमेऱ्यावर रागावलेली बाई. आईने न विचारता त्याच्यासमोर निरांजन लावलं. दूध तापलं, वडी विरघळली. एस्पेरान्साने दांडा तळव्यांत धरला, पण तिची नजर फोटोवर होती, दांडा धड फिरत नव्हता, कड्या नुसत्या वाजत होत्या, फेस येत नव्हता. आईने तो तिच्या हातातून घेतला. पाय थोडे फाकवून, कोपर बाहेर काढून, ताक घुसळावं तसं तिने घुसळलं, आणि फेस पातेल्याच्या काठापर्यंत आला.

आईने गॅस बंद केला आणि पातेल्याकडेच बघत मला म्हणाली, "हिला सांग, मी त्या बायकांना काय सांगितलं होतं. लेबलाचं पण सांग."

मी तोंड उघडायच्या आत एस्पेरान्सा म्हणाली, मराठीत, एकेक शब्द जपून ठेवत, "आजोळची. आजीची. मला माहीत आहे, काकू."

बाबांनी हातातला रिकामा कप खाली ठेवला. आईचा हात दांड्यावर तसाच राहिला. मला एकदम दीड वर्षातली आमची सगळी बोलणी आठवली, तिच्यासमोर तिच्याबद्दलच केलेली, माती, केस, ती किती भात खाते, सगळी.

"तेव्हाच का नाही बोललीस?" आईने विचारलं.

एस्पेरान्सा इंग्रजीवर आली. आमचं बोलणं ऐकून ऐकून मराठी तिला कळायला लागली होती. हळदीकुंकवाच्या दिवशी तिला राग आला होता, ती म्हणाली. मग ती लेबल बघायला गेली. मग पुन्हा गेली. एकूण तीनदा गेली. "आईकडून मुलीकडे," ती म्हणाली. "ते वाचायला जात होते. माझ्या आईने मला काही दिलं नव्हतं. तिला मी जायला नको होतं. निघायच्या दिवशी ती दाराबाहेर आली नाही, तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले आणि खिळ्यावरून हा काढून घेतला. तिने त्याबद्दल मला कधी लिहिलं नाही. तिने मला काहीच लिहिलं नाही."

मी आईसाठी भाषांतर करायला लागले, तर आई म्हणाली, "कळलं मला." भिंतीपलीकडे मिस्टर हॉब्सननी चहासाठी ठोकलं.

"खिळ्यावरची रवी गेलेली बाईला पहिल्या दिवशीच कळते," आई म्हणाली. "सकाळी हात जातोच तिथे. दीड वर्ष तिने परत मागितली नाही ना? मग दिलीच ती." हे मात्र तिने मला इंग्रजीत सांगायला लावलं, दोनदा, कारण पहिल्यांदा माझं "दिलीच" मधलं "च" नीट उतरलं नाही असं तिला वाटलं. तिने कप भरले. स्वतःही प्यायली, संपूर्ण, आणि साखर कमी आहे म्हणाली.

मग तिने एस्पेरान्साचा दंड धरून तिला पुढच्या खोलीत फोनपाशी नेलं. "बहिणीला फोन कर. आत्ता. तिकडे सकाळ असेल." एस्पेरान्साने तार आल्यापासून घरी फोन केला नव्हता. बहीण काय म्हणेल या भीतीने, हे तिने पुढे मला सांगितलं. नंबर लागायला वेळ लागला. लागल्यावर पहिली दोन मिनिटं दोन्हीकडून नुसतं रडणंच असावं. मग ती बोलायला लागली, आणि बोलतच राहिली. दार उघडं होतं. आम्ही तिघं स्वयंपाकघरात उभे राहून, ऐकत नसल्यासारखे, ऐकत होतो. स्पॅनिशचा तो सगळा धबधबा आमच्या डोक्यावरून जात होता. फक्त मधूनमधून एकच शब्द कळायचा, "काकू". एकदा तो आला आणि त्यानंतर ती रडता रडता मोठ्याने हसली.

आईने घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

"माझ्याबद्दल काय सांगतेय कोण जाणे," ती बाबांना म्हणाली. "खरं सांगितलं नाही म्हणजे मिळवलं."